‘दुधाळ’ की ‘दुभती’? : आपद्ग्रस्त पशुपालकांच्या शासकीय मदतीची भाषा

शासन निर्णय हा साहित्यप्रकार नव्हे, हे मान्यच आहे. तथापि ती एक संहिता आहे. आणि जी संहिता लक्षावधी लोकांच्या पदरात काही टाकते किंवा टाकण्याचे नाकारते, तिची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकाने करू नये असा काही दंडक नाही. शासकीय मराठीवर आपल्याकडे टीका थोडी झालेली नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश निघाला, १९६४ साली राजभाषा अधिनियम संमत झाला. तेव्हापासून या भाषेची थट्टा करणे हा सुशिक्षितांचा एक सोपा विरंगुळा होऊन बसला आहे. शब्द बोजड आहेत, संस्कृतप्रचुर आहेत, सामान्य माणसास कळत नाहीत, असा या टीकेचा सूर असतो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण त्यात एक उणीव आहे. शब्द कळला की काम भागले, असे तीत गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते शासकीय भाषेचा खरा प्रश्न दुर्बोधतेचा नसून विभागणीचा आहे. एखादा शब्द अगदी सुबोध असूनही जगाची वाटणी चुकीच्या रेषेवर करीत असेल, तर त्याची सुबोधता कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या जनावरांसाठी जी मदत दिली जाते तिची संहिता या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यावयाच्या मदतीचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवून देते. ते मुळात इंग्रजीत असतात. राज्याचा महसूल विभाग ते शासन निर्णयाच्या रूपाने मराठीत आणतो, आणि तलाठी व पशुधन अधिकारी त्या मराठीच्या आधारे पंचनाम्याचे कागद रंगवितात. २०१५ साली ठरलेल्या निकषांत म्हैस किंवा गाय यांसाठी ३०,००० रुपये, मेंढी-बकरीसाठी ३,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये व वासरासाठी १६,००० रुपये असे दर होते. २०२२ पासूनच्या निकषांत ते अनुक्रमे ३७,५००, ४,०००, ३२,००० व २०,००० झाले. कोंबडीस ५० रुपयांवरून १०० रुपये झाले, व एका कुटुंबास कमाल ५,००० ची मर्यादा १०,००० वर गेली. आकडे वाढले, जनावरांची वर्गवारी मात्र मूळ आराखड्यावरच उभी राहिली. आपल्याला आकड्यांपेक्षा या आराखड्याशी कर्तव्य आहे.

हा आराखडा दोन मोठ्या कप्प्यांचा आहे : ‘दुधाळ जनावरे’ आणि ‘ओढकाम करणारी जनावरे’. यांपैकी दुसऱ्या शब्दाविषयी प्रथम चांगले बोलणे उचित होईल. ‘ओढकाम’ हा शब्द मराठीच्या घडणीचा आहे. ‘ओढणे’ आणि ‘काम’ या दोन घरगुती शब्दांचा हा समास गाडी, नांगर, मोट, कोळपे या सर्वांना एकाच मुठीत घेतो, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जू मानेवर घेतलेले जनावर उभे करतो. ज्या कोणा अनुवादकाने तो योजिला असेल त्याला शेताचा बांध ठाऊक असला पाहिजे. ‘कर्षक पशू’ असा काही शब्द त्याला सहज सुचू शकला असता. तो त्याने टाळला, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

‘दुधाळ’ शब्दाविषयी इतके समाधानाने बोलता येत नाही. मराठीत ‘दुधाळ’ आणि ‘दुभती’ असे दोन शब्द आहेत, आणि ते परस्परांचे पर्याय नव्हेत. ‘दुधाळ’ हा गुणवाचक शब्द आहे : पुष्कळ दूध देणारी, दुधाच्या अंगाची. ‘दुभती’ हा अवस्थावाचक शब्द आहे : जी सध्या दूध देते आहे ती. दुधाळ म्हैस काही महिने दुभती असते, मग आटते, भाकड होते, गाभण राहते, विते आणि पुनः दुभती होते. या साऱ्या फेऱ्यात ती दुधाळच राहते. उलट एखादी गाय अर्धा शेर दूध देऊनही दुभती असते, पण तिला दुधाळ म्हणण्याचे धाडस तिचा मालकही करणार नाही. इंग्रजी संहितेतील ‘मिल्च’ हा शब्द यांपैकी कशाच्याही बरोबर बसत नाही. तो हेतुवाचक आहे : दुधासाठी पाळलेली. म्हणजे एका हेतुवाचक शब्दाच्या जागी मराठीत एक गुणवाचक शब्द आला, आणि वाचणारा त्याचा अर्थ बहुधा अवस्थावाचक घेतो! तीन निरनिराळ्या कल्पना एकाच शब्दात कोंबल्या गेल्या आहेत.

हा केवळ कोशकाराचा वाद नाही. मूळ निकषांत एक अट आहे : मदत ही आर्थिकदृष्ट्या उत्पादक जनावरांच्या प्रत्यक्ष हानीपुरती मर्यादित राहील. आता ‘दुधाळ’ आणि ‘उत्पादक’ हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून वाचणाऱ्या कारकुनाची अवस्था डोळ्यांपुढे आणा. पुरात मेलेली म्हैस सहा महिन्यांची गाभण होती व आटलेली होती. ती दुधाळ काय? उत्पादक काय? शेतकऱ्याच्या भाषेत या प्रश्नाला जागाच नाही. गाभण म्हैस ही त्याच्या दृष्टीने दुभत्या म्हशीहूनही मोलाची. कारण तिच्यात पुढचे वेत आणि पुढचे पारडू अशी दोन्ही धने आहेत. बाजारात गाभण जनावराचा भाव ठरतो तो याच हिशेबाने. संहिता मात्र ज्या क्षणी जनावर मेले त्या क्षणाच्या दुधाकडे बोट दाखविण्याची सोय करून ठेवते. कोणी अधिकारी उदार मनाने वाचतो, कोणी शंकेखोरपणे. आणि दोघेही शब्दाला धरूनच वाचत असतात. ज्या संहितेत उदारपणा आणि कृपणपणा दोन्ही सारखेच शब्दनिष्ठ ठरतात, ती संहिता सदोष आहे असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

आता वासराकडे वळू. २०१५ च्या सूचीत वासरू कोठे बसविले आहे, हे पाहिल्यावर भाषेच्या अभ्यासकास क्षणभर थांबावेच लागते. ते गाढव, शिंगरू आणि खेचर यांच्या पंगतीला, ओढकामाच्या लहान जनावरांत आहे. हिंदुस्थानभरच्या प्रशासनासाठी केलेल्या सूचीत असे काही कप्पे करावे लागतात, हे समजू शकते. परंतु मराठीत आल्यावर ‘वासरू’ हा नपुंसकलिंगी शब्द एक मोठी व्यवस्था गिळून बसतो. आपल्या बोलीत गाईच्या नर-वासराला गोऱ्हा म्हणतात, तो वाढला की खोंड होतो, मग बैल. मादी-वासरू पाडी, नंतर कालवड, मग गाय. म्हशीचे ते रेडकू किंवा पारडू. त्यातील मादी वाढीस लागली की वगार, नर तो रेडा किंवा टोणगा. शेळीचे करडू, त्यातील तरुण मादी ती पाट, मेंढीचे कोकरू. या प्रत्येक शब्दात तीन गोष्टी एकवटलेल्या आहेत : जात, लिंग आणि वय. आणखी एक चौथी गोष्टही आहे, ती म्हणजे उद्याची अपेक्षा. कालवड म्हटली की तिच्यात होऊ घातलेली गाय आहे. खोंड म्हटला की होऊ घातलेला बैल. शासकीय सूचीत मात्र व्यायला आलेली कालवड ही ओढकामाच्या रकान्यात जाते. ती कधी जू ओढणार नाही, आणि तरीही दूध देत नाही म्हणून दुधाळांत तिला जागा नाही. करडू आणि कोकरू यांचे तर नावही नाही. ती शेळी-मेंढीत धरावयाची की सोडून द्यावयाची, हे पंचनामा करणाऱ्याच्या मर्जीवर.

(ओघात आले म्हणून सांगावयाचे, ‘पाडा’ हा शब्द कोकणात नर-वासरालाही लावतात आणि वस्तीलाही. हे दोन शब्द मुळात भिन्न असून केवळ समोच्चारी झाले आहेत. परंतु आमच्या मानपाड्याच्या नावाशी खेळताना एखाद्या हौशी व्युत्पत्तिकाराला वासराचा मोह पडू नये, एवढ्यासाठी ही नोंद.)

मेंढीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. सूचीत मेंढी, बकरी आणि डुक्कर ही ‘लहान दुधाळ जनावरे’ म्हणून येतात. डुकराचे दूध कोण काढतो, असे विचारण्याचा खट्याळपणा येथे करीत नाही. इंग्रजी संहितेचा तो कप्पा केवळ आकाराने लहान जनावरांना जागा द्यावी म्हणून ताणलेला आहे, हे उघड आहे. पण धनगराच्या दृष्टीने मेंढी ही लोकर, मांस आणि खत यांसाठी असते. शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसविणे हा एक स्वतंत्र व्यवहार आहे, आणि त्याचे मोल धान्यात किंवा रोखीत चुकते होते. दख्खनी मेंढी दुधाळ ठरविली जाते तेव्हा तिची खरी उपयुक्तता संहितेच्या बाहेर राहते. डिसेंबर १९२१ नव्हे, डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस आणि थंडी एकदम आली आणि पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत उघड्या रानात बसलेली हजारो मेंढरे काकडून मेली. वर्ष मुद्दाम ठासून सांगतो, कारण असे वर्णन वाचताना ते शंभर वर्षांपूर्वीचे वाटण्याचा संभव आहे. त्या वेळी निकषांत एका कुटुंबासाठी लहान जनावरांची मर्यादा होती तीस. कळप ज्याचा शंभर-दीडशेचा, त्याच्या लेखी तीस हा आकडा कोठून आला? आणि पंचनामा जेथे जनावर मेले त्या गावचा तलाठी करणार. मेंढपाळाचे घर, शिधापत्रिका व बँकेचे खाते दुसऱ्याच तालुक्यात. ‘बाधित गाव’ हा शब्द स्थिर वस्ती गृहीत धरून चालतो. पावसाळा संपल्यावर देशावरून कोकणात उतरणाऱ्या माणसाला गाव असते, पण तो आपत्तीच्या वेळी त्या गावात नसतो. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या भ्रमंतीचा जो अभ्यास केला आहे, तो ज्यांनी वाचला असेल त्यांना ही अडचण नवी वाटणार नाही. नवी आहे ती एवढीच गोष्ट की, ती एका विशेषणात दडलेली आहे.

‘इत्यादी’ या शब्दावर प्रबंध लिहिता येईल. ओढकामाच्या मोठ्या जनावरांत उंट, घोडा, बैल अशी नावे देऊन पुढे ‘इत्यादी’ म्हटले आहे. ठाणे जिल्ह्याच्या भातखाचरांत चिखलणीला रेडे जुंपण्याची रीत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. रेडा सूचीत नाही, उंट आहे! कोकणातील शेतकऱ्याचे सारे ओढकाम ‘इत्यादी’ या एका शब्दाच्या पाठीवर लादलेले आहे. राज्याने संहिता मराठीत आणताना उंटाच्या जागी रेडा लिहिला असता तर केंद्राच्या निकषाचा भंग झाला नसता, कारण ‘इत्यादी’ने ती मुभा दिलेलीच होती. भाषांतर करणाऱ्याने मूळ शब्द राखले आणि आपला प्रदेश सोडून दिला. आमच्या मते या संहितेतील सर्वांत मोठा भाषिक दोष हाच आहे : ती मराठीत लिहिलेली आहे, पण महाराष्ट्रासाठी लिहिलेली नाही.

मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आमच्या जिल्ह्यात आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवली पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. दोन्हीकडे आता इमारतींची दाटी झाली आहे, तरी गुरे अगदी नाहीशी झालेली नाहीत. समजा, दोन्ही मानपाड्यांत एकेक गाय मेली. पहिली रानाच्या कडेला बिबट्याने मारली. दुसरी अतिवृष्टीत बुडाली. दोन्ही गायी सारख्या वयाच्या, सारख्या वेताच्या आणि सारख्या दुधाच्या आहेत असे धरू. पहिल्या मालकाला राज्याच्या वन विभागाकडून जे मिळते त्याला ‘नुकसानभरपाई’ म्हणतात, आणि ते गाईच्या बाजारभावाच्या ७५ टक्के या हिशेबाने, एका कमाल मर्यादेच्या आत, ठरते. दुसऱ्या मालकाला महसूल विभागाकडून जे मिळते त्याला ‘मदत’ म्हणतात. आणि त्याचा बाजारभावाशी काही संबंध नसतो. चांगल्या जातीच्या दुभत्या म्हशीला लाखाच्या घरात पैसे मोजावे लागतात, हे तबेलेवाल्यांना विचारले तर कोणीही सांगेल, मदत ३७,५००.

‘भरपाई’ आणि ‘मदत’ या दोन शब्दांतील अंतर आपले लोक नीट जाणतात. भरपाईत एक खड्डा गृहीत धरलेला असतो. तो किती खोल, हे आधी मोजावे लागते, आणि मगच भरता येतो. मदतीत खड्डा मोजण्याची गरज नसते. देणाऱ्याच्या हातात किती आहे एवढेच पाहावयाचे. म्हणूनच वर्तमानपत्रे आणि शेतकरी सर्रास ‘नुकसानभरपाई मिळाली नाही’ असे म्हणतात, आणि मंत्रालय चिकाटीने ‘मदत’ लिहिते. येथे लोकभाषा चुकीची आणि शासनभाषा बरोबर, असे समजण्याचे कारण नाही. लोक आपल्या शब्दातून एक दावा मांडीत आहेत; शासन आपल्या शब्दातून तो नाकारीत आहे. पहिल्या मानपाड्यात मात्र तोच दावा शासनाने मान्य केला आहे. बिबट्या हा राज्याच्या रक्षणाखालचा प्राणी, त्याने केलेल्या हानीचे उत्तरदायित्व राज्याकडे येते. पाऊस कोणाच्याच मालकीचा नाही. हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. परंतु उल्हास नदीच्या पात्रात आणि खाडीकाठी झालेला भराव, अडविलेले नाले आणि बांधकामे यांना पाऊस जबाबदार नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि बदलापूर-कल्याणपर्यंत उल्हासचे पाणी चढले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हे पाणी आकाशातून आले खरे, पण ते तेथे थांबले का, या प्रश्नाचे उत्तर आकाशात नाही. ‘नैसर्गिक आपत्ती’ या जोडशब्दातील विशेषण असे बरेच काही झाकते.

‘मदत’ शब्दाच्या मागे आणखी एक शब्द उभा आहे, ‘सानुग्रह अनुदान’. ‘एक्स ग्रेशिया’ या लॅटिन पदाचे हे भाषांतर व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष आहे, आणि तेच त्याचे वैगुण्य आहे. लॅटिन पद इंग्रजी कायद्यात इतके झिजले आहे की त्यातील कृपा कोणाला जाणवत नाही. मराठीत ‘अनुग्रह’ झिजलेला नाही. अनुग्रह गुरूचा होतो, देवाचा होतो. त्यामुळे पूरग्रस्ताच्या हातात धनादेश पडतो तेव्हा त्याबरोबर एक आशीर्वादाचा भावही येतो, जो कायद्याला अभिप्रेत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याच्या कलम १२ मध्ये साहाय्याच्या किमान मानकांत सानुग्रह साहाय्याचा, तसेच उपजीविकेची साधने पूर्ववत करण्याचा उल्लेख आहे. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, करोनामृत्यूंच्या संदर्भात का होईना, असा निर्णय दिला की या मानकांची शिफारस करणे हे प्राधिकरणाचे ऐच्छिक काम नसून बंधनकारक कर्तव्य आहे. म्हणजे अनुग्रह कर्तव्य झाला! कायद्याने अर्थ बदलला, शब्द मात्र जुन्याच मुद्रेत बसून राहिला. असा शब्द बदलणे हे संचालनालयाचे काम नाही तर कोणाचे?

जुन्या काळाशी तुलना केली तर एक मौजेची गोष्ट आढळते. अव्वल इंग्रजीपासून आपल्याकडे ‘तगाई’ हा शब्द रूढ आहे. तो मूळ अरबी, बळ देणे या अर्थाचा. फारसी दप्तरातून तो मराठीत आला आणि खेड्यापाड्यांत पूर्णपणे मुरला. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज अधिनियम आणि १८८४ चा शेतकरी कर्ज अधिनियम यांखाली मिळणाऱ्या कर्जाला लोक तगाईच म्हणत. दुसऱ्या अधिनियमात संकटनिवारण, बियाणे आणि गुरे यांसाठी कर्ज देण्याची तरतूद होती. म्हणजे दुष्काळात मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा बैल घेण्यासाठी सरकार पैसे देई, पण ते परत घेई. तगाईत अनुग्रह नव्हता, तिच्यात देणे होते. आणि वसुलीच्या वेळी जप्तीही होती. ते दिवस चांगले होते असे सुचविण्याचा येथे हेतू मुळीच नाही. मुद्दा शब्दाचा आहे : ‘तगाई’ म्हटल्यावर शेतकऱ्याला काय मिळणार, काय फेडावे लागणार, सर्व समजत असे. आज परतफेड नाही, ही निःसंशय प्रगती आहे. परंतु जो शब्द मिळाला त्यात घेणाऱ्याचा हक्क कोठेच दिसत नाही.

तीन हा आकडा आता पाहू. निकषांप्रमाणे एका कुटुंबास तीन मोठ्या दुधाळ किंवा तीन मोठ्या ओढकामाच्या जनावरांपुरतीच मदत. प्रत्यक्षात अधिक दगावली असली तरीही. शिवाय हे सारे अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांच्या साहाय्याच्या शीर्षाखाली येते. या ठिकाणी कल्याणच्या खाडीकाठचा रेतीबंदर भाग डोळ्यांपुढे आणावा. तेथे म्हशींचे तबेले आहेत. अतिवृष्टीत खाडीचे पाणी आत शिरले की म्हशी सोडून रस्त्यावर आणून बांधाव्या लागतात. तबेल्याचा मालक हा शेतकरी आहे काय? त्याच्यापाशी सात-बारा असेलच असे नाही. शहरी भागात गुरे पाळण्यास १९७६ च्या एका राज्य अधिनियमाखाली परवाना लागतो. म्हणजे एका कायद्याच्या दृष्टीने तो परवानाधारक, दुसऱ्याच्या दृष्टीने तो भूधारकच नाही. त्याच्या म्हशी तीन नसून तीस-चाळीस आहेत. आणि त्याचा गोठा? निकषांत गोठ्यासाठी २,१०० रुपये होते, ते ३,००० झाले; पण गोठा म्हणजे घराला जोडून असलेला. तबेला घराला जोडलेला नसतो; बहुधा तबेल्यातच माळा बांधून गडी राहतात, म्हणजे घरच तबेल्याला जोडलेले असते! संहितेतील ‘गोठा’ हा एकत्र कुटुंबाच्या चौसोपी वाड्यातून आलेला दिसतो. शब्द ओळखीचा आहे, पण वास्तू निराळी.

तबेलेवाला धनिक असतो, त्याची कणव कशाला, असे कोणी म्हणेल. काही धनिक असतीलही. परंतु मर्यादा घालावयाची तर ती उत्पन्नावर घालता येते. मेलेल्या जनावरांच्या संख्येवर ती घातल्याने जो अधिक बुडाला त्याला कमी प्रमाणात मिळते. शिवाय मुंबई-ठाण्याच्या दूधधंद्यात भाकड झालेल्या म्हशी तबेल्यातून काढून बाहेर खेड्यांत पोसावयास पाठवितात. त्याला धंद्यातील लोक सरळ ‘सॅल्व्हेज’ म्हणतात. ही म्हैस मालकाची एका ठिकाणी, पोसणाऱ्याची दुसऱ्या ठिकाणी, आणि दुधाळ कोठेच नाही. ती वाहून गेली तर कोणाच्या कुटुंबाच्या तिनांत धरावयाची?

‘वाहून जाणे’ या क्रियापदानेही एक पेच केला आहे. मदतीसाठी पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला शव. मृत जनावराची तपासणी पशुवैद्यकाने करावयाची असते. पण पुरात गेलेले जनावर ‘मेले’ असे म्हणण्यास पुरावा नसतो. ते गेले, एवढेच मालक सांगू शकतो. ‘पंचनामा’ हा शब्द आपल्या भाषेने मोठ्या अभिमानाने जपावा असा आहे : देशी ‘पंच’ आणि फारसी ‘नामा’ यांच्या संयोगातून, पाच जणांच्या देखतचे लिखित असा त्याचा अर्थ, इंग्रजी न्यायालयांनाही तो तसाच उचलावा लागला. त्या शब्दात पाहणाऱ्यांची साक्ष मुख्य आहे, वस्तू नव्हे. पाच शेजाऱ्यांनी ‘याच्या दावणीला चार गुरे होती’ असे सांगितले तर मूळ कल्पनेप्रमाणे ते पुरे व्हावे. व्यवहारात मात्र पंच उरले सहीपुरते.

आता तर साक्षीची जागा कानातील बिल्ल्याने घेतली आहे. बारा अंकी क्रमांकाचा हा बिल्ला जनावराच्या कानात टोचतात आणि ‘भारत पशुधन’ या प्रणालीवर त्याची नोंद होते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, आणि ते नैसर्गिक आपत्तीत दगावले तर भरपाईही देय होत नाही, असे ठरविण्यात आले. या व्यवस्थेचे लाभ आहेत. वाहून गेलेल्या जनावराचे अस्तित्व निदान कागदावर सिद्ध होते, आणि खोटे दावे रोखता येतात. मौज अशी की, या ठिकाणी लोकांपर्यंत पोहोचलेला शब्द ‘भरपाई’ हाच आहे. न देण्याची वेळ आली की शासनालाही तो शब्द सुचतो.

या विवेचनावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो. तो असा की, कालवड, वगार, पाडी, खोंड हे शब्द जिल्ह्याजिल्ह्यांत बदलतात; विदर्भात एक, कोकणात दुसरा, आगरी बोलीत तर गुरांना सरसकट ‘ढोरं’ म्हणतात. प्रशासनाला सर्वत्र सारखा अर्थ देणारा शब्द हवा. बोलींच्या रानात शिरले तर वादांना अंत राहणार नाही. आक्षेप खरा आहे, आणि प्रमाणभाषेचे प्रयोजनच त्यात सांगितले गेले आहे. पण प्रमाणीकरण म्हणजे शब्दांची संख्या कमी करणे नव्हे. भेद निश्चित करणे होय. ‘व्यायलेली’, ‘गाभण’, ‘न व्यायलेली मादी’, ‘जुंपण्यायोग्य नर’, ‘त्याहून लहान’ असे पाच भेद महाराष्ट्राच्या कोणत्याही कोपऱ्यात एकाच अर्थाने कळतात. त्यांत बोलीचा एकही शब्द नाही, आणि तरीही गोठ्यातील जवळजवळ सारी व्यवस्था त्यांत मावते. पशुवैद्यकाला ते तपासता येतात, तलाठ्यालाही. जमिनीच्या बाबतीत आपल्या महसुली भाषेने जिरायत, बागायत, वरकस, खाचर असे सूक्ष्म भेद शतकानुशतके सांभाळलेच आहेत. ज्या दप्तराला जमिनीचे इतके रंग ओळखता येतात, त्याला कालवड आणि खेचर यांतला फरक सांगता येऊ नये, याचे कारण भाषेची असमर्थता नव्हे. जमिनीवर सारा होता, वासरावर नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात महापूर आला. सीना आणि इतर नद्यांच्या काठी गोठेच्या गोठे दावणीसकट गेले. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने जे साहाय्य जाहीर केले त्यात तीन जनावरांची मर्यादा काढून टाकली. जितकी दगावली तितक्यांसाठी मदत, असे ठरले. अनेक वर्षे अढळ वाटणारा तो आकडा एका घोषणेने हलला. मात्र त्याच घोषणेत दर सांगताना रकाने पुनः तेच आले : दुधाळ जनावरास ३७,५००, ओढकामाच्या जनावरास ३२,०००. तेव्हा सीनाकाठच्या एखाद्या दावणीला बांधलेल्या, पहिल्या वेताला टेकलेल्या कालवडीचा अर्ज आता संख्येच्या अटीत अडणार नाही. तो कोणत्या रकान्यात लिहावयाचा, हे विचारण्यासाठी मात्र तलाठ्याला तालुक्याला जावे लागेल.